भिडू हवेत

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतला एक कॉलेजातला मुलगा माझ्याकडे आला. वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावायला त्याला परवानगी हवी होती. (मी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे, म्हणजे खुर्च्या मोजतो.) चिठ्ठीत लिहिलं होतं : 'खेळासाठी चार भिडू हवेत. दर शनिवारी पाच ते आठ. अनुभव आवश्यक.' खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. मला वाटलं, मोबाइलवरचं काहीतरी मारामारीचं प्रकरण असणार.

"नाही काका, हा वीज गेली तरी चालतो," तो म्हणाला. आमच्या रेवदंड्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी परवानगी का दिली ते सांगायला नको.

खेळ असा. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार. तो सांगतो : रात्र आहे, समोर किल्ल्याची भिंत आहे, आता काय कराल? बाकीच्यांनी आधीच एकेक पात्र घेतलेलं असतं, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. त्या पात्राच्या तोंडून ते उत्तर देतात. बेत जमला की फसला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हरणं-जिंकणं नाही, गोष्ट पुढच्या खेपेला पुढे चालू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला, तेव्हा पहिली आवृत्ती फक्त हजार प्रतींची होती. गायगॅक्स त्याआधी विमा कंपनीत नोकरीला होता, हे कळल्यावर माझ्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला बरं वाटलं. भिडू मिळवण्याची अडचण त्यालाही होतीच. १९६८ साली त्याने आपल्या गावातला एक हॉल भाड्याने घेऊन खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला होता.

आमच्या फळ्यावरची चिठ्ठी मात्र तीन आठवडे दमट होत राहिली. एक मुलगा कबूल झाला आणि प्रवेश मिळाल्याबरोबर पुण्याला गेला. दुसऱ्याच्या आईने विचारलं, यात मंत्रतंत्र नाही ना? तिला हसू नये. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या पुष्कळ आईबापांनी हीच धास्ती घेतली होती.

माझ्या मते खोट त्या 'अनुभव आवश्यक'मध्ये होती. आमच्या गावात उत्सवाचं नाटक व्हायचं. बसवणारे गृहस्थ पोस्टात होते. अभिनय येतो का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. जेवणं झाल्यावर दीड महिना रोज तालमीला येशील का, एवढंच विचारायचे. पाठांतराला प्रॉम्प्टर होताच. पुढे तालमीला येणारेच मुंबईला गेले आणि नाटक बंद पडलं. तेव्हापासून लग्न आणि तेरावं सोडलं, तर नात्याबाहेरच्या माणसांनी तीन तास एकत्र बसावं असं गावात काही उरलं नाही. बँकेत आम्ही कर्जदाराचं तारण बघायचो. खरी बघायला हवी होती ती तारीख पाळायची सवय.

मी ती ओळ खोडली आणि स्वतः चार घरी गेलो. आषाढात भिडू जमले. एक निवृत्त मराठीच्या बाई. दहावीतली एक मुलगी. तिचे वडील पहिल्या दिवशी राखण म्हणून बाहेर पेपर वाचत बसले, दुसऱ्या खेपेला खुर्ची आत घेतली. आणि एका नाखव्याचा मुलगा, कारण जून-जुलै मासेमारी बंद. पाचवा मी. वीस बाजूंचा फासा पावसाने वाटेत कुठे अडकला कोण जाणे, म्हणून महिला मंडळाच्या हाऊजीतले एक ते वीस आकडे डब्यात घालून काढू लागलो. १९७९ च्या सुमारास फासे कमी पडले, तेव्हा कंपनीनेही खोक्यातून पुठ्ठ्याचे आकडेच दिले होते.

एका शनिवारी सूत्रधार मी झालो. कादंबरीकार माणूस, वाटलं यात आपला हात कोण धरणार! विषय घेतला जंजिऱ्याचा. लाय पाटलाने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांचे लोक वेळेवर पोचलेच नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे सांगतात. मी ऐटीत सुरुवात केली : "अमावास्येची रात्र. समुद्र संथ..."

"काका, अवसेला उधाण असतं," नाखव्याचा मुलगा म्हणाला. "मचव्यातून शिडी लावायची, तर भांगाची रात्र घ्या. वद्य अष्टमी. चांद मध्यरात्रीनंतर वर येतो, तोवर काळोख."

तीस वर्षं मी समुद्राकाठच्या कादंबऱ्या लिहितो आहे. त्यांत किती ठिकाणी अवसेचा संथ समुद्र असेल, ते मोजायचं धाडस मी अजून केलेलं नाही. पुढे माझ्या कथानकाची त्यांनी धूळधाण केली. बाईंनी किल्ल्यातल्या सुईणीचं सोंग घेतलं. मुलीने शिड्या लावायच्याच नाहीत असं ठरवलं आणि मोरोपंतांना शोधायला निघाली. डब्यातून एकोणीस निघाला. माझ्याकडे पुढची गोष्टच तयार नव्हती. एकट्याने टेबलाशी बसून लिहिताना पात्रं अशी उलटून बोलत नाहीत. बोलायला हवी होती.

ऑगस्टला होड्या पाण्यात गेल्या आणि एक खुर्ची रिकामी झाली. दुसरा भिडू बघा, असं त्या मुलाने स्वतःच सांगितलं. कोणी तयार होईना, मीही नाही. शेवटी त्यानेच तोड काढली. त्यांची जाळी डोलीची. उधाणाच्या ओढीवर चालतात. भांगाला पाण्याला ओढ नसते, तेव्हा तो घरी असतो. आता आम्ही शनिवार सोडला आहे. अष्टमीच्या आसपास बसतो. कधी दहावीची शिकवणी आड येते, कधी बाईंचा उपास. मोबाइलमधून तिथी काढता येते म्हणे, पण बाईंचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी घरचं कालनिर्णय आणून फळ्याशेजारी टांगलं आहे, आणि त्यावर मुलीचे वडील पेन्सिलीने खुणा करतात.