सहल लहान करा, पण त्याला घेऊन जा

बासी ईदला आपल्याकडची कुटुंबे फिरायला निघतात. मुंबईत राणीची बाग, हाजी अली, चौपाटी. गावाकडे धरण, नदीकाठ किंवा एखादा दर्गा. चाचा, फूफी, खाला, त्यांची मुले आणि बिर्याणीचा डबा असा सगळा कुनबा गाडीत बसतो. मात्र ज्या घरात ऑटिझम असलेले मूल आहे, तिथे बहुधा दोघे मागे राहतात: ते मूल आणि त्याची अम्मी. "त्याला गर्दी सोसत नाही, तू थांब, आम्ही लवकर येतो," असे प्रेमानेच सांगितले जाते. प्रेमाबद्दल शंका नाही, पण हा निर्णय मला पटत नाही.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द थोडा फसवतो. मूल आपल्यातच हरवलेले आहे, त्याला बाहेरचे काही नको, असे त्यातून वाटते. खरे तर यातल्या अनेक मुलांपर्यंत बाहेरचे जग फार जास्त पोचते. भोंगा, फटाका, अंगाला लागणारा धक्का, अचानक बदललेला बेत यांचा त्यांना त्रास होतो. पण त्यातल्याच कितीतरी मुलांना पाणी, वाळू, झोपाळा, झाडांची सळसळ प्रिय असते. गर्दी नको म्हणजे फिरणेच नको, असा अर्थ आपण काढतो आणि तिथे चुकतो.

जमातीची नमाज चालू असताना मूल रडल्याचा आवाज आला, तर त्याच्या आईची घालमेल होऊ नये म्हणून पैगंबर (स.) नमाज आटोपती घेत. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. एका मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी नमाज लहान होऊ शकते, तर आपली सहल का होऊ नये?

लहान म्हणजे कशी? सणाच्या गर्दीऐवजी आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा. राणीची बाग बुधवारी बंद असते, इतर दिवशी दार उघडताच पोचा. आदल्या दिवशी मुलाला फोटो क्रमाने दाखवा: रिक्षा, फाटक, पेंग्विन, डबा, घर. पुढे काय होणार हे कळले की धास्ती कमी होते. त्याचे नेहमीचे खाणे आणि आवडती वस्तू सोबत घ्या, आवाज सोसत नसेल तर कानावर लावायचे हेडफोनही. बसायला शांत कोपरा आधीच हेरून ठेवा. पहिल्यांदा अर्धा तास पुरे.

एक गोष्ट मात्र सोडू नका. अशी काही मुले न सांगता निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. म्हणून त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी हवी आणि प्रत्येक वेळी एकाच मोठ्या माणसावर त्याची जबाबदारी हवी. सगळ्यांचे लक्ष म्हणजे कुणाचेच नाही. पाळी बदलताना तोंडाने सांगा, "आता तुम्ही बघा."

बाकीच्या मुलांची मजा जाते, ही तक्रार खोटी नाही. म्हणून प्रत्येक सहल सगळ्यांची असावी असा हट्ट नको. अर्धे लोक त्याच्याबरोबर लवकर परततील, अर्धे थांबतील. फक्त परतणारी दर वेळी त्याची अम्मीच नसावी. अब्बा, मामू, मोठा भाऊ यांनीही पाळी घ्यावी.

राहता राहिले लोक. मूल ओरडले की कुणी नजर लागली म्हणतो, कुणी तावीज सुचवतो, कुणी आईच्या वळणाला बोल लावतो. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. तो संस्कारांनी येत नाही आणि तावीजाने जात नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. करमणुकीचा हक्कही तोच कायदा देतो. बाग, मैदान, समुद्रकिनारा त्या मुलाचाही आहे.

आणि लोक शिकणार तरी कसे? जे मूल कधी दिसलेच नाही, त्याच्याशी कसे वागायचे हे मोहल्ल्याला कोण सांगणार? पुढच्या ईदची वाट पाहू नका. या रविवारी फज्रनंतर, रस्ता शांत असताना, त्याला जवळच्या मैदानापर्यंत न्या. अम्मीला त्या वेळेत निवांत चहा पिऊ द्या.