विज्ञान एक की तीन?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र शाळेत स्वतंत्र शिकवले जावेत, की तिन्ही मिळून एकच विषय असला तरी चालेल, हा प्रश्न जर्मनीतील आपल्या पालकांकडून आम्हांस वारंवार विचारला जातो. एकत्रित म्हणजे उथळ, आणि उथळ म्हणजे अभियांत्रिकीची व वैद्यकाची वाट बंद, अशी त्यामागची धास्ती असते. ती आम्हांस अनाठायी वाटते. आपल्यापैकी बहुतेकांनी महाराष्ट्रात दहावीपर्यंत ‘विज्ञान’ हा एकच विषय अभ्यासला. शाखा वेगळ्या झाल्या त्या अकरावीत. त्यातूनच आपण येथवर आलो.

जर्मनीत शालेय शिक्षण राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे सरसकट उत्तर देता येत नाही. बव्हेरियाच्या गिम्नाझियममध्ये पाचवी ते सातवी ‘नाटूर उंट टेक्निक’ हा जोडविषय असतो. त्यात जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र इयत्तेनुसार पाळीपाळीने येतात. आठवीला वाटा फुटतात. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेत रसायनशास्त्र लगेच सुरू होते. भाषा शाखेत तिसरी परकीय भाषा येते व रसायनशास्त्र एक वर्ष थांबते. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येही आठवीला तिसरी भाषा किंवा ‘नाटूरविसेनशाफ्ट उंट टेक्निक’ अशी निवड असते, परंतु हा संयुक्त विषय तिन्ही शास्त्रांच्या जागी नसून त्यांच्या जोडीला असतो, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानातच येत नाही. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातील गेझाम्टशूलेत विज्ञान एकत्र शिकवावे की वेगळे, हे शाळाच ठरवते.

यांपैकी कोणत्याही निवडीने विद्यापीठाचे दार बंद होत नाही. आबिटूर झाले की भाषा शाखेचा विद्यार्थीही अभियांत्रिकीस जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय शाळेत आय.बी. करणाऱ्यांनी मात्र विषय जपून निवडावेत. जर्मन विद्यापीठात प्रवेशासाठी भौतिक, रसायन वा जीवशास्त्र यांपैकी एक विषय लागतोच, शिवाय गणित किंवा विज्ञान यांपैकी एक तरी उच्च पातळीवर घ्यावा लागतो.

खरी चाळणी याच्या कितीतरी आधी, बहुतेक राज्यांत चौथीच्या अखेरीस लागते. बव्हेरियात जर्मन, गणित व परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून कमी असेल तरच गिम्नाझियमची शिफारस मिळते (येथे 1 हा सर्वोत्तम गुण, हे नव्याने आलेल्यांसाठी). दहा वर्षांच्या मुलाचे जर्मन कच्चे असले, तर त्याचे गणितही कच्चे ठरते, कारण शाब्दिक गणिते जर्मनमध्येच असतात. दुसरी चाळणी गेझाम्टशूलेतील. तेथे नववीपासून भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राचे वर्ग दोन पातळ्यांत विभागले जातात, आणि पुढे आबिटूरकडे जाताना वरच्या पातळीच्या वर्गांना वजन असते. या दोन्ही ठिकाणी शिक्षकांचे मत निर्णायक ठरते आणि आपले पालक ते मुकाट्याने स्वीकारतात. “मूल हाताने काम करण्यात रमते” या गोड वाक्याचा अर्थ विचारण्याचे धैर्य आपण दाखवत नाही.

विषय कोणी कोणता शिकावा हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. ते अस्पृश्य म्हणून नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच विद्यार्थ्याने 1921 साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. जर्मन शाळेतील शिफारस आणि त्या काळचा नकार एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, हे आम्ही जाणतो. तरीही शिफारशीमागील कारणे लेखी मागणे, शिक्षकांची स्वतंत्र वेळ घेणे, आणि भाषेची अडचण असल्यास जर्मन नीट येणाऱ्या कुणाला सोबत नेणे, एवढे तरी आपण करावे.

बव्हेरियातील सातवीच्या पालकांनी शाखा निवडीची मुदत शाळेत आताच विचारून ठेवावी. मुलाला तिसरी भाषा हवी असेल, तर केवळ आपण अभियंते आहोत म्हणून त्याला प्रयोगशाळेत ढकलू नये.