माणूस जमेस, गाव नावे

बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसातल्या खड्याइतकाच. तरी गेला आठवडाभर मी आइस हॉकीवरून आमच्या शाखेत भांडतो आहे. दोष भाच्याचा. तो कॅनडात एडमंटनला असतो आणि फोनवर पगाराचा आकडा सोडून तिथल्या ‘ऑयलर्स’ संघाचं सगळं सांगतो. त्यानं १९८८ सालची गोष्ट सांगितली आणि माझ्यातला बी.कॉम. खवळला.

या ऑयलर्सनी १९८४, ८५, ८७ आणि ८८ असा चारदा स्टॅन्ले कप जिंकला. शेवटच्या खेपेला बॉस्टनमध्ये ३-३ अशी बरोबरी असताना चक्क दिवे गेले! (आपल्याला यात नवल नाही.) तो सामना रद्द झाला आणि २६ मे रोजी एडमंटनलाच निकाल लागला. कप्तान वेन ग्रेट्झ्की. १९८५-८६च्या हंगामात त्यानं स्वतः ५२ गोल केले आणि १६३ वेळा दुसऱ्यांच्या गोलला हातभार लावला. दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हावं म्हणून इतका राबणारा माणूस आमच्या शाखेत तरी मी पाहिला नाही.

१६ जुलैला त्याचं लग्न झालं. घरचंच कार्य असल्यासारखं एडमंटन रस्त्यावर लोटलं. आणि ९ ऑगस्टला, अंगावरच्या अक्षता झटकून होतात न होतात तोच, मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी नवरदेवाला लॉस एंजेलिस किंग्जच्या हवाली केलं. सोबत आणखी दोन खेळाडू. बदल्यात दोन तरुण खेळाडू, पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडण्याचे तीन हक्क आणि रोख दीड कोटी अमेरिकन डॉलर. ग्रेट्झ्की पत्रकारांपुढे रडला. सरकारनं सौदा थांबवावा, अशी मागणी एका खासदारानं केली.

“अहो, बदलीच ती!” आमचे कॅशियर म्हणाले. “आपली नाही का होत?”

होते की! पण माझी बदली झाली तेव्हा काउंटरपुढच्या रांगेत कोणी डोळे पुसल्याचं मला आठवत नाही. फरक तिथंच आहे. दीड कोटी मालकाच्या खात्यात जमा. मग नावे कोणाच्या? जमेला नावे हवंच, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं. उणे वीस अंशांत तिकिटं काढून ज्यांनी त्या माणसाचं मोल वाढवलं, त्या गावाच्या नावे! आणि हा व्यवहार झाला हंगाम संपल्यावर, म्हणजे स्टेडियमात ओरडायला कोणी नसताना.

“पण १९९० साली त्याच्याशिवाय जिंकलेच ना?” कॅशियर.

जिंकले. आमराई विकली तरी अढीतले आंबे काही दिवस पुरतात. १९९१ साली फ्युअर गेला, अँडरसन गेला, मेसियर गेला. १९९३ साली संघ बाद फेरीतसुद्धा पोचला नाही. १९९४ साली न्यूयॉर्क रेंजर्सनी कप जिंकला तेव्हा त्यांच्यात सात माजी ऑयलर्स होते! एडमंटनकरांनी आपलीच माणसं परक्या गावाच्या सदऱ्यात कप उचलताना पाहिली. त्यानंतर ऑयलर्स २००६, २०२४ आणि २०२५ साली अंतिम फेरीत गेले आणि हरले.

लहान शहराला मोठे पगार झेपत नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणून तर २००५ पासून सगळ्या संघांच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आली. काही बड्या खेळाडूंच्या करारात ‘माझ्या संमतीविना हलवू नये’ अशी अटही असते. गावाला मात्र कोणी विचारत नाही. गावाजवळ करार कुठला? तिकिटाचं अर्धुक. माझं म्हणणं एवढंच, की निष्ठा मागायची तर दोन्ही बाजूंनी मागा. प्रेक्षकानं जन्मभर एकच सदरा घालावा आणि मालकानं दर उन्हाळ्यात आतला माणूस बदलावा, हा जमाखर्च कुठलाही ऑडिटर पास करणार नाही.

१९८९ साली एडमंटननं ग्रेट्झ्कीचा ब्राँझचा पुतळा उभारला. २०१६ साली संघ नव्या स्टेडियमात गेला, तेव्हा पुतळाही तिकडे नेला. आमच्या भाषेत, शहरांतर्गत बदली. माणूस मालकाचा होता, गेला. पुतळा गावानं ठेवून घेतला.

हे ऐकून कॅशियर प्रथमच गप्प बसले. मग म्हणाले, “भाच्याला विचारा हो, पुतळा पक्का बसवलाय ना? उन्हाळा येतोय.”