तावदानाची पोटफुगी

आमचा भाचा लेहला डॉक्टर आहे. तिथलीच मुलगी त्याने केली आणि आता गावाबाहेर घर बांधतो आहे. त्या घरासाठी ताईने आपल्या पाटल्या मोडल्या. भावजी गेल्यापासून ती एकटीच. यंदाचा हिवाळा लेकाकडे काढणार. सांध्यांनी बेजार झालेली, साठीला आलेली बाई उणे पंधरा अंशांत राहायला निघाली म्हटल्यावर घरातला जो तो वास्तुशास्त्रज्ञ झाला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. खिडकीशी माझा संबंध एवढाच की, माझा तास रंगेनासा झाला म्हणजे मुले तिच्यातून बाहेर पाहतात. तरी मला मत विचारण्यात आले, आणि मीही ते बिनदिक्कत दिले!

पुण्याहूनच दुहेरी काचेची, कडा बंद केलेली तयार तावदाने न्यावीत, असे माझे मत. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली. थंडीची काय बिशाद आत यायची? दुकानदारानेही मान डोलावली. कुठे बसवणार, हे त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. सहा तावदाने ट्रकने मनालीमार्गे निघाली. वाटेत तांगलांग ला ही खिंड लागते. उंची सुमारे ५,३०० मीटर. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. काचांमधली हवा मात्र अस्सल पुण्याची. ती कुणापुढे नमते घेते थोडीच? लेहला पोचेतो दोन तावदाने तडकली होती आणि उरलेल्या चारांची पोटे सुटली होती.

भाच्याने फोनवर हिशेबच मांडला. लेह ३,५०० मीटरवर. तिथला दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश. पुण्यात बंद केलेली काच न फुगता तिथे उभी राहायची, तर तिला दर चौरस फुटाला अडीचशे किलोंहून अधिक रेटा सोसावा लागेल. ती फुगते म्हणून बचावते. पण कडेचा चिकटा सुटला, की आत दमट हवा शिरते आणि काच कायमची आंधळी होते. “मामा, उंचावर न्यायच्या तावदानात दाब सारखा राहावा म्हणून केसाएवढी नळी बसवून मिळते. तेवढी मागायला हवी होती,” तो म्हणाला. मामा गप्प.

आता त्याने साधा मार्ग धरला आहे. तिथल्याच पॉप्लरच्या लाकडाच्या चौकटी, एकामागे एक अशा दोन खिडक्या, मध्ये वीतभर जागा. आतली घट्ट बसणारी, बाहेरचीला बारीक फट. म्हणजे खोलीतली वाफ मध्ये अडकून गोठत नाही. मोठ्या खिडक्या सगळ्या दक्षिणेला. डिसेंबरात भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो, त्यामुळे ऊन थेट पलंगापर्यंत येते. उन्हाळ्यात तो डोक्यावर गेला की छज्जा त्याला अडवतो. स्टोकची हिमशिखरेही दक्षिणेलाच, म्हणजे देखावा फुकट. उत्तरेच्या भिंतीला मात्र सूनबाई एकही खिडकी ठेवू देईना, आणि तिचे बरोबर आहे. रात्री काचेतून ऊब पळते, म्हणून गोधडीसारखे जाड पडदे तिने स्वतः शिवले. उंचावर उन्हातले अतिनील किरणही प्रखर. तेव्हा ताईची पुस्तके खिडकीपाशी मांडायची नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मायलेकांचे वाजले. ताईचा हुकूम, माझ्या खोलीला फट म्हणून नको. एरवी आईपुढे ब्र न काढणारा मुलगा इथे हटून बसला. खोलीत बुखारी पेटवायची आणि दारे-खिडक्या लिंपून निजायचे, याचा अर्थ त्याने दवाखान्यात पाहिला आहे. त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. शेवटी बुखारीचे धुराडे थेट छपरातून बाहेर काढले, आणि ताईच्या उशापासून दूर, वरच्या अंगाला एक लहान झडप बसवली. ती आतून पुरती बंदच होत नाही. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, “दक्षिणेच्या खिडकीत तुळशीची कुंडी मावेल ना रे?”

भाऊबीज झाली की ती निघेल. तडकलेल्या तावदानांचे पैसे मी भाच्याला पाठवले होते, ते त्याने परत केले. ताईला यातले काही ठाऊक नाही. हा अंक तिने विमानात वाचायला म्हणून पिशवीत टाकला आहे.