सत्कार नको, रंधा द्या

निवृत्त पुरुषाला समाज तीन वस्तू देतो : शाल, श्रीफळ आणि बाक. पहिल्या दोन एकाच दिवशी मिळतात. तिसरी उरलेल्या आयुष्यभर पुरते. आमच्या सुरत शहरात हे बाक विपुल आहेत. तापीच्या काठी आहेत, महापालिकेच्या उद्यानांत आहेत, सोसायट्यांच्या फाटकांशी आहेत. सायंकाळी त्यांवर वृद्ध पुरुष ओळीने बसलेले दिसतात आणि त्यांना एकमेकांची सोबत आहे असा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा समज होतो. आम्हीही त्यांतल्याच एका बाकावर बसतो. हा समज खोटा आहे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

ज्येष्ठांसाठी आज जे जे म्हणून चालते, म्हणजे व्याख्याने, भजने, सहली, हास्यमंडळे, सामुदायिक वाढदिवस, ते सारे वृद्ध पुरुषाला श्रोता किंवा सत्कारमूर्ती समजून चालते. त्याचे हात कोणालाच नको असतात. हात रिकामे ठेवून त्याने मन मोकळे करावे, ही अपेक्षा पुरुषजातीची प्रकृती न जाणता केलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुजरात शासनाच्या सेवेतून माणूस ५८व्या वर्षी बाहेर पडतो. तोवरच्या त्याच्या साऱ्या ओळखी टेबलाभोवतीच्या असतात. टेबल गेले की त्या जातात. निवृत्तीनंतरचे कित्येक महिने आम्ही साडेदहाला विनाकारण कपडे करून बसत होतो आणि मग, दुसरे खाते न उरल्यामुळे, स्वयंपाकघराचे निरीक्षण करीत होतो. डाळीच्या डब्यांना चिठ्ठ्या लावण्याची आमची सूचना गृहस्वामिनीने ज्या शब्दांत फेटाळली ते शब्द येथे देत नाही.

आमच्या सोसायटीत एक गुजराती गृहस्थ आहेत. पत्नी निवर्तल्याला दोन वर्षे झाली होती. आम्ही रोज एकाच बाकावर बसत असू, पण ‘केम छो’ आणि उकाडा यांपलीकडे आमच्यात काही घडत नसे. एका पावसाळ्यानंतर सोसायटीच्या ओट्यावरील सागवानी झोपाळ्याची फळी तडकली. सुतार ‘येतो, येतो’ म्हणत राहिला. तेव्हा आम्ही चौघा निवृत्तांनीच ती उतरवली. चौघांत खानदेशातून आलेले एक आप्पा होते; त्यांचा जन्म उधन्याच्या यंत्रमागांची दुरुस्ती करण्यात गेलेला. आमचा हात पाहून ते म्हणाले, “साहेब, रंधा ढकलायचा असतो. सही केल्यासारखा फिरवायचा नाही.” तीस वर्षांत आम्हाला इतक्या सरळपणे कोणी काही सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी काचकागद घासता घासता, मान वर न करता, ते गुजराती गृहस्थ म्हणाले, की एका कपाचा चहा करायला हात धजत नाही, म्हणून आपण दोन वर्षे लारीवर चहा पितो. कोणी सांत्वन केले नाही. आप्पांनी त्यांच्यापुढे दुसरा कागद सरकवला. पण दुसऱ्या सकाळपासून चौघांचा चहा पाळीपाळीने एकेकाच्या घरी होऊ लागला. पुढे झोपाळा लागला, काम संपले, आणि पंधरा दिवसांत आम्ही सारे पुन्हा बाकावर आलो. हा लेख त्या पंधरा दिवसांनंतरचा आहे.

जे आम्हाला अपघाताने कळले ते ऑस्ट्रेलियाने जाणूनबुजून उभे केले आहे. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील टोंगाला या लहानशा गावी पुरुषांसाठी एक सामुदायिक कार्यशाळा निघाली. तेथे लाकूडकाम करावे, जुनी यंत्रे दुरुस्त करावीत, गावाच्या उपयोगाच्या वस्तू कराव्यात, एवढाच खटाटोप. अशा शाळांची तेथील राष्ट्रीय संघटना २००७ मध्ये झाली, २०१० च्या सरकारी पुरुष-आरोग्य धोरणात त्यांना स्थान मिळाले आणि आज तेथे त्यांची संख्या हजारावर आहे. आयर्लंड व ब्रिटनमध्येही ही चळवळ रुजली. तिच्यामागचे सूत्र साधे आहे : समोरासमोर बसवले की पुरुष गप्प होतो, खांद्याला खांदा लावून कामाला जुंपले की बोलतो.

हे परदेशी फॅड आहे असे कोणी म्हणेल. सुरतेत राहून तसे म्हणणाऱ्याने हिऱ्याचे कारखाने पाहिलेले नसावेत. येथे रत्नकलाकार घंटीभोवती बसून हिरा घासतात; जुन्या पद्धतीच्या घंटीवर चौघे बसत. हात सराणेवर, नजर हिऱ्यावर, आणि गावाकडच्या शेतापासून मुलीच्या लग्नापर्यंतचे सारे बोलणे त्या घंटीभोवती. हेच सूत्र या शहराच्या पोटापाण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. नजर मंदावली की तो कारागीर घंटीवरून उठतो आणि त्यासोबत त्याचे बोलणेही उठते. त्याला निरोपसमारंभ नाही, निवृत्तिवेतन नाही, शालही नाही. मागांच्या खडखडाटात कान गमावलेल्या लिंबायत-उधन्याच्या कामगाराची गत तीच. आम्हा पेन्शनरांच्या एकाकीपणावर निदान लेख तरी लिहिले जातात.

आणि मराठी माणसाला तर दूर जाण्याचे कारणच नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तेथील विद्यार्थी कोवळे आहेत हे खरे; पण हाताने करता करता शिकणे हे त्यांचे तत्त्व वयाची अट घालत नाही.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला : स्त्रिया एकाकी नसतात काय? असतात, आणि दार त्यांनाही उघडे असावे. परंतु तिची चूल ५८व्या वर्षी निवृत्त होत नाही. हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि त्याच अन्यायामुळे तिच्या हाताला काम व दाराशी शेजारीण उरते. पुरुषाला काम मिळाले तर तिची निदान आमच्यासारख्या निरीक्षकांपासून सुटका होईल.

दुसरा आक्षेप : वृद्धांच्या हाती करवत म्हणजे अपघात. बाकावर बसून कोणाचे बोट कापत नाही, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ च्या अहवालात एकाकीपणाशी निगडित मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात सांगितले आहेत. धोका कोठे अधिक, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही. लेखणी धरलेल्या हाताने हत्यार धरावे, तेही पूर्वीच्या कामगाराकडून शिकून, हे आमच्या वर्गाला कमीपणाचे वाटते. कानस या हत्याराला इंग्रजीत फाइलच म्हणतात. एक फाइल आम्ही जन्मभर हाताळली. दुसरी हाती घेताना लाज कसली?

झोपाळ्यानंतर आम्ही एका कार्यालयात रिकामी खोली मागावयास गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्याने अदबीने विचारले, “काका, हे कोणत्या शीर्षाखाली बसवू? आरोग्य, की क्रीडा, की कौशल्य?” आम्हाला राग आला नाही. हाच प्रश्न विचारून असे अर्ज आम्ही स्वतः परत पाठवले आहेत. त्या अर्जांमागे कोणी एका कपाचा चहा टाळणारा माणूस असेल, हे तेव्हा सुचले नाही. ते अर्जदार आज कोठे बसत असतील, कोण जाणे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार मागता येतो. सोबत मागता येत नाही. ती आपणच निर्माण करावयाची. म्हणून सरकारआधी आमचे मागणे आपल्याच मंडळांकडे आहे. गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि व्याख्यानमाला सोडल्या तर बहुतेक सभागृहे वर्षभर कुलुपात असतात. त्यांतली एक खोली उघडा. एक भक्कम टेबल, एक शेगडा, करवत, पटाशी, रंधा, पान्ह्यांचा संच आणि चहाची किटली, एवढ्यावर आरंभ होतो. शाळांची मोडकी बाके, अंगणवाडीची खेळणी, शेजाऱ्यांचे पंखे, कामाला तोटा नाही. शिकवायला आप्पांसारखी माणसे बोलवा आणि त्यांना गुरुजी म्हणा.

आणि पुढल्या वर्षी आमच्या सत्काराचा बेत असेल तर शालीचे पैसे काचकागदाला द्यावेत, ही विनंती.