दिवेलागणीला मांजर घरात

"मांजरच ती, जाईल आणि येईल," असे आपण सहज म्हणतो. आम्हीही तसेच म्हणत होतो.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. मालाड, भांडुप, मुलुंड, ठाणे येथील कष्टकऱ्यांच्या वस्त्या त्याला अगदी खेटून आहेत. आमची वस्ती त्यांतलीच एक. या जंगलात बिबटे आहेत. अंधार पडला की ते भटक्या कुत्र्यांच्या मागे वस्तीच्या कडेला येतात. मांजर सापडली तर तिलाही सोडत नाहीत.

आमची मनी अशीच एका पावसाळी रात्री परतली नाही. घरातले धाकटे पोर कुणाला न सांगता बशीत भात घेऊन, "मने, मने" अशा हाका मारीत नाल्याकडे निघाले. शेजारच्या मावशींनी पाहिले म्हणून दंडाला धरून परत आणले. सकाळी नाल्याकाठच्या चिखलात बिबट्याच्या पावलांचे ठसे होते. मनी गेली ती गेलीच, पोर मात्र वाचले. मांजर रात्री बाहेर राहिली की तिच्यामागे मूलही अंधारात जाते, हे तेव्हा आम्हाला कळले.

आता घरात दुसरी मांजर आहे. तिचे मुख्य जेवण आम्ही दिवेलागणीला घरातच देतो. थोड्याच दिवसांत तिला वेळ कळली; आता न बोलावता येते. मग उजाडेपर्यंत दार बंद. कोपऱ्यात जुन्या घमेल्यात वाळू ठेवावी, म्हणजे ती बाहेर जाण्यासाठी ओरडत नाही. घमेले रोज साफ करावे; गरोदर बाईने मात्र त्याला हात लावू नये. खिडकीला जाळी लावावी, पत्र्याखालची फट बुजवावी. मांजरीला रात्री ओट्यावर बांधू नये. बांधलेल्या जिवाला पळता येत नाही. उष्टे आणि माशांची डोकी दारात टाकू नयेत. उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

मांजर जखमी होऊन आली तर उघड्या हाताने धरू नये. ती चावली किंवा तिने ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

बिबट्या दिसल्यास गर्दी करू नये, दगड मारू नयेत. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. "पिंजरा लावा आणि दूर सोडा," अशी मागणी लगेच होते. पण जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. त्यापेक्षा कचरा रोज उचला, गल्लीत दिवे लावा, संडास घराजवळ द्या, ही मागणी आपण सह्या करून पालिकेकडे न्यावी. रात्री डबा घेऊन अंधारात जावे लागते ते आपल्याच बायका-मुलांना.

अर्जाला वेळ लागेल. मांजर आत घेऊन दार लावणे मात्र आज संध्याकाळपासूनच जमेल.