अडीचच्या जागी दोन पॉइंट चार

वजन कमी करण्याचं इंजेक्शन बदलण्याचा अधिकार मेडिकलच्या काउंटरला कुणी दिला? जिमच्या ट्रेनरला कुणी दिला? पुण्याच्या मेहुण्याला कुणी दिला? मी नांदेड आणि लातूर अशा दोन्ही ठिकाणी रुग्ण तपासतो. ही इंजेक्शनं घेणारे जे रुग्ण माझ्यासमोर येतात, त्यातल्या कितीतरी जणांचं औषध मध्येच बदललेलं असतं आणि चिठ्ठी मात्र जुनीच असते. कुणी बदललं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "सर, तेच हाय म्हणला की मेडिकलवाला. नुसती कंपनी येगळी."

तेच नाही. मौंजारो या नावानं मार्च २०२५ मध्ये भारतात आलेलं औषध टिर्झेपटाइड आहे. वेगोवी नावानं जून २०२५ मध्ये आणि ओझेम्पिक नावानं त्याच वर्षी डिसेंबरात आलेलं औषध सेमाग्लुटाइड आहे. सेमाग्लुटाइड आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतं, टिर्झेपटाइड दोन संप्रेरकांची. दोन्ही आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायची, दोन्हींनी भूक मरते, दोन्हींनी जठर सावकाश रिकामं होतं. पण दोघांचे मिलिग्रॅम एकमेकांशी जुळत नाहीत, आणि माणसं आडवी पडतात ती या मिलिग्रॅमपायी.

टिर्झेपटाइडचा सुरुवातीचा डोस २.५ मिलिग्रॅम. तो चार आठवडे घ्यायचा, मग ५, आणि पुढे गरज असेल तर किमान चार-चार आठवड्यांच्या अंतरानं वाढवत जास्तीत जास्त १५. वेगोवीची सुरुवात ०.२५ ला होते. मग ०.५, मग १, मग १.७, आणि सोळा आठवडे काढल्यावर शेवटचा डोस २.४. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. टिर्झेपटाइडचा अडीच हा अगदी पहिला डोस. सेमाग्लुटाइडचा दोन पॉइंट चार हा अगदी शेवटचा. ज्याला औषध कळत नाही त्याला हे दोन्ही डोस सारखेच दिसणार, उलट दुसरा थोडा कमीच वाटणार.

असाच हिशेब लावून एका शिक्षकांना अडीचच्या जागी दोन पॉइंट चारचं पेन दिलं गेलं. दुकानात आधीचा माल संपला होता, एवढंच कारण. मधुमेहासाठी त्यांची ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती, ती कमी करायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. इंजेक्शननंतर पाणीसुद्धा पोटात ठरेना. अन्न नाही आणि साखर उतरवणारी गोळी मात्र रोज पोटात जातेय. रात्री घरच्यांनी आणलं तेव्हा अंगाला दरदरून घाम, बोलणं बरळल्यासारखं, साखर खाली, किडनीवर ताण. सलाइन लावलं, साखर सावरली, पण उलटी लगेच थांबवता आली नाही. ती थांबत नाही, कारण सेमाग्लुटाइड अंगात निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो आणि पूर्ण निघून जायला पाच ते सात आठवडे. टोचलेलं औषध परत काढून घेता येत नाही. ते शिक्षक वाचले. त्यांना ते पेन देणाऱ्याला आपण काय केलं हे आजही माहीत नसेल, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

एकच औषध असलं तरी धोका टळत नाही. सेमाग्लुटाइडची रायबेल्सस ही गोळी आपल्याकडे २०२२ पासून आहे. ती रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत घेतात, कारण पोटातून घेतलेल्या गोळीतलं फार थोडं औषध रक्तात पोचतं. इंजेक्शनचा डोस आठवड्याला पाव किंवा अर्धा मिलिग्रॅमपासून सुरू होतो. "माझा चौदाचा डोस चालू होता, मग इंजेक्शन मोठंच द्या," असं म्हणणारा रुग्ण अडाणी नसतो. त्याच्या हातात दिलेली माहितीच अर्धवट असते.

नीट बदलायचं तर डॉक्टरनं आधी विचारायचं की बदल कशासाठी हवाय. परवडत नाही म्हणून? उलट्या होतात म्हणून? की गुण येत नाही म्हणून? उलट्यांमुळे बदलायचं असेल तर त्या थांबेपर्यंत दुसरं औषध टोचायचं नाही. परवडत नाही म्हणून बदलायचं असेल तर जुन्याची शेवटची सुई कधी घेतली ते पाहून, पुढची सुई जेव्हा पडली असती साधारण त्या दिवशी नवं सुरू करायचं, आणि बहुतेक वेळा खालच्या डोसपासून. दोन्ही औषधं एकाच आठवड्यात कधीही नाहीत. बदलाच्या दिवशीच इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा डोस पुन्हा ठरवायचा, कारण साखर घसरते ती बहुधा यांच्या जोडीनं. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यातली गोळी चालू असेल तर ती बंद करायची. या इंजेक्शनांसोबत तिचा वेगळा फायदा नाही, नुसता खर्च आहे. जुन्या मधुमेहींचा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली का, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर होता का, हेही विचारायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला कळवायचं, कारण उपाशीपोटी आलेल्या माणसाच्याही जठरात अन्न शिल्लक असू शकतं.

आणि एक प्रश्न आपल्या भागात कुणीच विचारत नाही: गर्भनिरोधक गोळी चालू आहे का, मूल हवंय का? टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे तोंडानं घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. त्या काळात दुसरा उपाय सोबत लागतो. मूल हवं असेल तर टिर्झेपटाइड किमान एक महिना आणि सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. वजन उतरलं की पीसीओडी असलेल्या मुलींची पाळीही नियमित होऊ लागते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. लग्नसराईच्या तोंडावर वजन उतरवायला आलेल्या मुलीच्या शेजारी आई बसलेली असते, नवीन सुनेच्या शेजारी सासूबाई. डॉक्टर लाजतो, मुलगी गप्प बसते, आणि औषध बदललं जातं. सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर बसवायची ज्याला हिंमत नाही, त्यानं हे औषध बदलू नये.

आपल्याकडे खंड पडतो तो पैशानं. सोयाबीनचे पैसे आले की चार सुया, मग दोन महिने काही नाही, मग पुन्हा हातात पैसा आला की जिथं सोडलं होतं त्याच डोसपासून. खंडानंतर शरीर त्या औषधाला जवळपास नवखं झालेलं असतं. चार-सहा आठवडे गेले असतील तर बहुधा पुन्हा खालूनच सुरुवात करावी लागते. मधल्या काळात औषधही बदललं असेल तर धोका दुहेरी. सुरुवातीला मौंजारोची २.५ ची एक व्हायल ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ रुपयांना होती, तीही दर आठवड्याला एक. या भावात खंड पडला यात रुग्णाचा काय दोष? मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. औषध स्वस्त व्हायलाच हवं, आणि मी त्याच्या बाजूनं उभा आहे. पण जितकी नावं वाढतील तितक्या वेळा काउंटरवर बदल होईल, आणि ते थोपवायची तयारी आपण काहीच केलेली नाही.

पैसे वाचवायचे म्हणून नवरा-बायको एकाच पेनवर, हा प्रकार तर मी ऐकून थरारलो. सुई बदलली तरी रक्ताचा अंश पेनात मागे जाऊ शकतो आणि कावीळ, एचआयव्ही असे आजार एकाकडून दुसऱ्याला होऊ शकतात. एक व्हायल दोघांत वाटणंही तसंच. ती एकदाच वापरायची असते.

आता उन्हाळा. टिर्झेपटाइड फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर ठेवावंच लागलं तर ३० अंशांपर्यंत, तेही २१ दिवस. नांदेडात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात रात्रीही तो तीस अंशांच्या खाली येत नाही. हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पेनं येतात, थर्माकोलच्या डब्यातला बर्फ वाटेतच वितळतो. उलट काही जण भीतीनं ते फ्रीझरमध्ये ठेवतात, आणि गोठलेलं इंजेक्शन फेकूनच द्यावं लागतं. मग गुण येत नाही. रुग्ण म्हणतो, हे लागू पडंना, स्ट्राँगवालं द्या. कुणीतरी देतो. खरं तर आधीचं औषध उन्हानं निकामी झालेलं असतं आणि माणूस कित्येक आठवडे औषधाविनाच असतो. त्या कोऱ्या अंगावर आता वरचा डोस पडतो. औषध बदलण्याआधी ते कुठून आणलं आणि कुठं ठेवलं, हे विचारणारा डॉक्टर मला आजवर फार क्वचित भेटला.

"स्ट्राँगवालं" या मागणीला आकड्यांचा आधार दिला जातो. दोन्ही औषधांची समोरासमोर तुलना करणारा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७२ आठवड्यांत टिर्झेपटाइडनं सरासरी २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडनं १३.७ टक्के वजन उतरलं. आकडे खरे आहेत. पण त्या लोकांचा डोस डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू वाढवलेला होता. शिवाय आपलं शरीर वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. आपल्याकडच्या माणसात स्नायू मुळातच कमी. झपाट्यानं वजन उतरवताना त्यातलाही हिस्सा जातो. पोट सुटलेल्या पण हातापायांच्या काड्या असलेल्या माणसाला केवळ लवकर बारीक व्हायचंय म्हणून वरचढ औषधावर नेणं म्हणजे त्याला जिन्यावर धापा टाकायला लावणं.

माझ्यावर लगेच आरोप होईल की तुम्हा डॉक्टरांना फी हवी म्हणून हा आटापिटा. फीचा मुद्दा खोटा नाही. किनवटहून नांदेडला यायचं तर दिवस जातो, मजुरी बुडते, आणि समोरचा डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्याला बोलावतो. मेडिकलवाला निदान बोलतो तरी. म्हणून माझा पहिला राग माझ्याच व्यवसायावर आहे. आम्ही "हे इंजेक्शन, महिन्यानं दाखवा" एवढंच लिहितो. जुन्या औषधाचं नाव आणि शेवटच्या सुईची तारीख, नव्याचं नाव, डोस आणि पहिल्या सुईची तारीख, कोणत्या गोळ्या बंद, कोणत्या कमी, आणि रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे सगळं मराठीत एका कागदावर पाच मिनिटांत बसतं. फोनवर सल्ला द्यायला आम्हाला कुणी अडवलेलं नाही. ते आम्ही करत नाही आणि मग रुग्णाला निष्काळजी ठरवतो. हा अन्याय आहे.

अन्न व औषध प्रशासनानंही डोळे उघडावेत. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लठ्ठपणावर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे, तरी "महिन्यात दहा किलो" असं सांगणारे फलक दिसतातच. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये साऱ्या जगाला सावध केलं होतं. बिलाशिवाय, बॅच नंबर न पाहता घेतलेल्या पेनात काय आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

तुमच्या फ्रिजमध्ये या घडीला जुनं अर्धं पेन आणि कुणीतरी दिलेलं नवं पेन असेल, तर नवं आज टोचू नका. आठवडाभर उशीर झाल्यानं काही बिघडत नाही. दोन्ही पेनं त्यांच्या खोक्यांसकट, बिल आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, शेवटची सुई कोणत्या तारखेला घेतली ते लिहा आणि ज्यांनी पहिली चिठ्ठी लिहिली त्यांना दाखवा. ते ऐकत नसतील तर दुसरा एमडी गाठा. आणि बदल होऊन गेला असेल, उलटी थांबत नसेल, लघवी कमी झाली असेल, हात थरथरून घाम फुटत असेल किंवा पोटातली कळ पाठीपर्यंत जात असेल, तर कुणाला फोन करत बसू नका. शुद्धीवर असाल आणि गिळता येत असेल तर घाम फुटल्याबरोबर साखरपाणी घ्या आणि थेट दवाखान्यात या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.